‘बाप मेला म्हणून सांग’

दिवाळीच्या सुट्टीत बहिणीचा मुलगा सांगलीला आला होता. तो फौजेत आहे. रात्री जेवणं आटोपल्यावर मी आणि माझी लेक एक अमेरिकन मालिका बघत बसलो होतो. शेवटचे काही भाग उरले होते आणि एका प्रसंगाला माझे डोळे भरून आले. तो हात पुसत बाहेर आला, थोडा वेळ उभ्यानेच बघत राहिला आणि म्हणाला, ‘ही माणसं कोण, मावशी?’ मी सांगितलं, रशियाचे हेर आहेत, नवराबायको. अमेरिकेत अमेरिकन म्हणून राहतात, पोरंबाळं आहेत. तो म्हणाला, ‘म्हणजे उद्या आपल्याकडं असा कुणी सापडला, तर त्याच्यासाठीबी रडणार का तू?’

त्याने आवाज चढवला नव्हता. त्यात टोमणाही नव्हता. आमच्या भागात फौज ही घरातलीच गोष्ट. साताऱ्याजवळच्या एका गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे, अपशिंगे मिलिटरी. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात निघाली. अशा मुलखातला, सीमेवर पहारा देऊन आलेला मुलगा हा प्रश्न विचारतो तेव्हा तो बाजूला सारता येत नाही. त्या रात्री मी काहीतरी गुळमुळीत बोलले. नीट उत्तर सापडायला पुढचे काही दिवस गेले, आणि ते मला मालिकेपेक्षा आमच्या आत्याकडे जास्त सापडलं.

आधी मालिकेबद्दल. ‘द अमेरिकन्स’ २०१३ ते २०१८ या काळात अमेरिकेत दाखवली गेली. सहा पर्वं. ती निर्माण करणारा जो वाइसबर्ग काही वर्षं सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेत नोकरी केलेला माणूस. गोष्ट १९८०च्या दशकातली, रेगन अध्यक्ष असतानाची. वॉशिंग्टनच्या उपनगरात फिलिप आणि एलिझाबेथ जेनिंग्ज हे जोडपं ट्रॅव्हल एजन्सी चालवतं. पेज आणि हेन्री ही त्यांची मुलं. प्रत्यक्षात दोघंही केजीबीचे, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर खात्याचे अधिकारी, त्यांचा जोडाही केजीबीनेच लावून दिलेला. समोरच्या घरात राहायला येतो तो नेमका असे हेर पकडणाऱ्या एफबीआयचा माणूस, स्टॅन. पोरांना यातलं काहीही ठाऊक नाही. त्यांच्या लेखी आई-बाप म्हणजे कामावरून उशिरा येणारे, कधीकधी रात्री-अपरात्री ‘ग्राहकाचा घोळ झालाय’ म्हणत बाहेर पडणारे साधे आई-बाप.

अशा माणसांबद्दल कणव वाटते तरी कशी? हे मी मुद्दाम न्याहाळलं. मालिका तुम्हाला त्यांच्या स्वयंपाकघरात बसवते. पोरीशी वादावादी, पोराचा अभ्यास, नवराबायकोतला अबोला, तळघरात धुवायला टाकलेले कपडे. आणि त्याच तळघरात लपवलेली हेरगिरीची सामग्री. घर आपलं वाटायला लागलं की घराला लागणारी झळही आपलीच वाटते. दारावरची घंटा वाजली की आपणच दचकतो. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, कारण हीच मालिका तुम्हाला बेटीसमोरही बसवते.

तिसऱ्या पर्वातला तो प्रसंग मी दोनदा बघितला आणि दुसऱ्यांदा बघणं पहिल्यापेक्षा जड गेलं. एफबीआयच्या कचेरीत टपाल फिरवणारं एक यंत्र दुरुस्तीला आलेलं असतं. त्यात ऐकण्याचं उपकरण बसवायला दोघं रात्री त्या दुरुस्तीच्या कारखान्यात शिरतात. तिथे एक म्हातारी बाई हिशेबाच्या वह्या घेऊन बसलेली असते. ती बेटी. तिने तोंड बघितलंय, म्हणजे तिला जिवंत सोडता येणार नाही. एलिझाबेथ तिच्याशी बोलत बसते. नवऱ्याबद्दल, मुलाबद्दल, गेलेल्या दिवसांबद्दल. आणि बोलता बोलता तिला तिच्याच हृदयविकाराच्या गोळ्या एकामागून एक गिळायला लावते. हे केल्याने जग सुधारेल असं वाटतं का तुला, असं म्हातारी विचारते. एलिझाबेथ हो म्हणते. वाईट माणसं वाईट काम करताना स्वतःला हेच सांगत असतात, असं म्हातारी म्हणते, आणि मरते.

इतकं बघूनही पुढे एलिझाबेथ अडचणीत आली तेव्हा ती सापडू नये असं मला वाटलं. त्याची मला लाज वाटली. बेटीसाठी मी पंधरा मिनिटं रडले असेन. एलिझाबेथसाठी सहा पर्वं जीव मुठीत धरून बसले. ज्याच्या घरात आपण जास्त वेळ काढतो त्याचं दुःख आपल्याला मोठं दिसतं. माझ्या भाच्याचा आक्षेप मला सर्वांत खरा इथे वाटतो. बेटी पंधरा मिनिटांत संपते. मार्था, एफबीआयच्या कचेरीतली ती साधी बाई, जिच्याशी फिलिप ‘क्लार्क’ नावाने विग चढवून रीतसर लग्न लावतो, ती शेवटी मॉस्कोत एकटी उरते. भाषा येत नाही, माणूस नाही, ज्याच्यावर जीव लावला तो नवरा कधी अस्तित्वातच नव्हता. कणवेचा हिशेब करायचाच तर तो मार्थापासून सुरू व्हायला हवा.

पण ‘शत्रूचा हेर’ एवढं म्हणून प्रश्न मिटतो का? आपल्याकडे म्हण आहे, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. खानापूर तालुक्यात बाणूरगडावर बहिर्जी नाईकांची समाधी असल्याचं मानतात. वेष पालटून शत्रूच्या गोटात वावरणारा हा शिवरायांचा हेर आमच्या लहानपणाचा नायक होता आणि आजही आहे. १६६४च्या सुरतेच्या मोहिमेआधी तिथली खडान्‌खडा खबर त्यांनी आणली, हे ऐकताना अंगावर काटा यायचा. त्या समाधीवर डोकं टेकवताना ‘हेर’ हा शब्द आम्हाला कधी खटकला नाही. आम्हाला हेरगिरीचं वावडं नाही, आमचा आक्षेप फक्त हेर कुणाच्या बाजूचा यावर आहे. आणि निव्वळ बाजूवर उभा असलेला नैतिक निवाडा सीमेच्या पलीकडे गेलं की उलटा होतो.

मग बाजूपलीकडचा निकष कुठला? मला तो घरात सापडला.

१९४३ ते १९४६ या काळात आमच्या मुलखात इंग्रजांचं राज्य कागदावर होतं आणि गावागावांत क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार होतं. तेव्हा सांगली जिल्हा नव्हता. १९४९ साली दक्षिण सातारा झाला, पुढे १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. इंग्रजी मुलूख आणि संस्थानी मुलूख एकमेकांत गुंतलेले होते. कुंडल औंध संस्थानात होतं, आणि या गुंतागुंतीचा भूमिगतांना आसरा होता. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पगार घेऊन जाणारी गाडी अडवली. त्याच वर्षी जुलैत वसंतदादा सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. हे इतिहासात आहे. माझे आजोबा इतिहासात नाहीत. ते निरोप पोचवायचे, माणसं लपवायचे, आणि तीन वर्षं घरी राहिले नाहीत.

आत्या तेव्हा सहा वर्षांची होती. आज ती अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे आणि ही गोष्ट सांगताना अजूनही मध्येच थांबते. पोलीस घरी यायचे, धान्याच्या कणग्या उपसायचे. आजीने तिला शिकवून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर बाप मेला म्हणून सांग. फौजदाराने विचारलं. आत्याने सांगितलं, मेला. फौजदार तिच्याकडे न बघता आजीकडे बघून म्हणाला, मग तुझ्या कपाळाला कुंकू कसं?

पुढच्या खेपेला पोलीस आले तेव्हा आजीचं कपाळ पांढरं होतं.

जिचा नवरा जिवंत आहे अशा बाईने हाताने कुंकू पुसणं म्हणजे काय, हे मी आजच्या वाचकाला किती सांगू शकेन मला कळत नाही. पण त्यापेक्षाही मला त्या सहा वर्षांच्या पोरीचं वाटतं. तिने ‘मेला’ म्हटलं होतं आणि आता आईचं कपाळ पांढरं झालं. तिला वाटलं, आपण म्हटलं म्हणून बाप खरंच मेला. तिने खाणंपिणं सोडलं. घरातली मोठी माणसं आजीला म्हणत होती, पोरीला काही सांगू नको, लेकरू आहे, कुठंतरी बोलून जाईल, चार माणसांचा जीव जाईल. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आजीने ऐकलं नाही. एका रात्री आजोबा परड्यातून आत आले तेव्हा तिने पोरीला झोपेतून उठवलं, अंधारात तिचा हात बापाच्या तोंडावर फिरवला आणि म्हणाली, ‘हाय का न्हाई?’ आत्या म्हणते, दाढी टोचली. तिला तेवढंच आठवतं. दुसऱ्या दिवसापासून ती जेवायला लागली. आणि पुढची दोन-अडीच वर्षं, कुणीही विचारलं तरी, बाप मेला म्हणून सांगत राहिली.

मुलाला खोटं बोलायला लावणं आणि मुलाशीच खोटं बोलणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीही क्रूर आहे. सहा वर्षांच्या जिवावर तो भार टाकायला नको होता, आणि देशासाठी टाकला म्हणून तो हलका होत नाही. पण आत्या त्या खोट्यात भागीदार होती. आपला बाप कोण आहे, काय करतो, आपण कशासाठी खोटं बोलतोय, हे तिला तिच्या वयाएवढं ठाऊक होतं. पेज आणि हेन्रीच्या वाट्याला दुसरी गोष्ट आली. त्यांचं आडनाव खोटं, आजी-आजोबांची गोष्ट खोटी, आई-बापांची भाषा खोटी, आणि ती मुलं स्वतः त्या सोंगाचा भाग. मुलंबाळं असलेलं घर संशयास्पद वाटत नाही. फिलिप-एलिझाबेथचा आपल्या मुलांवर जीव आहे याबद्दल मला शंका नाही. पण त्या मुलांचा जन्मच एका बहाण्यात बसवलेला आहे. तिसऱ्या पर्वात पेज हट्टाला पेटून विचारते तेव्हा कुठे तिला सांगितलं जातं, आणि तेही तुकड्यातुकड्याने. शिवाय तोवर मॉस्कोची नजर तिच्यावर पडलेली असते: जन्माने अमेरिकन असलेली दुसरी पिढी हवी आहे. फिलिपचा विरोध, एलिझाबेथचा होकार, आणि शेवटच्या पर्वात पोरगी आईच्या हाताखाली काम करताना दिसते.

दुसऱ्या पर्वात अशाच दुसऱ्या एका हेर जोडप्याचा आणि त्यांच्या मुलीचा खून होतो. खुनी कोण, हे पर्वभर कळत नाही. शेवटी कळतं की त्यांचाच किशोरवयीन मुलगा. त्याला आई-बापांच्या माघारी केजीबीनेच आपल्याकडे ओढून घेतलेलं असतं. हे लेखकाचं अतिरेकी टोक आहे असं मला आधी वाटलं होतं. मग कौटिल्य आठवला. अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात दोन्हीकडून वेतन घेणाऱ्या हेरांबद्दल लिहिताना त्याने म्हटलंय, ‘गृहीतपुत्रदारांश्च कुर्यादुभयवेतनान्’. ज्यांची बायकामुलं आपल्या ताब्यात आहेत, त्यांना हे काम द्यावं. म्हणजे हेराचं लेकरू हे राज्याकडचं तारण, ही कल्पना मॉस्कोने शोधलेली नाही. ती आपल्याही ग्रंथात शांतपणे, कारभाराचा नियम म्हणून लिहिलेली आहे.

आणि हे फक्त पडद्यावरचंही नाही. २७ जून २०१० रोजी अमेरिकेत दहा रशियन हेर पकडले गेले, त्यावरूनच या मालिकेची कल्पना आली. त्यांतलं एक जोडपं कॅनडाच्या नावाने केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथे राहत होतं. त्यांची दोन्ही मुलं टोरांटोत जन्मलेली. थोरल्याचा त्या दिवशी विसावा वाढदिवस होता. आपले आई-बाप रशियन आहेत हे आपल्याला माहीत नव्हतं, असं मुलांचं म्हणणं. दहाही हेर पंधरवड्याच्या आत व्हिएन्नामार्गे मॉस्कोला गेले. मुलांचं कॅनडाचं नागरिकत्व मात्र काढून घेण्यात आलं आणि धाकट्याला ते परत मिळायला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावं लागलं. निकाल लागला डिसेंबर २०१९ मध्ये. आई-बापांचा सोहळा झाला, हिशेब मुलाने नऊ वर्षं चुकता केला.

त्याहून ताजी गोष्ट १ ऑगस्ट २०२४ची. स्लोव्हेनियात अर्जेंटिनाचे म्हणून राहणारं एक रशियन जोडपं कैद्यांच्या अदलाबदलीत सुटलं. त्यांची दोन लहान मुलं बरोबर होती. आपण रशियन आहोत हे त्यांना विमान अंकाऱ्याहून उडाल्यावर कळलं, असं खुद्द रशियाच्या अध्यक्षांच्या प्रवक्त्याने सांगितलं. मुलांना रशियन येत नव्हतं, म्हणून मॉस्कोच्या विमानतळावर पुतिन यांनी त्यांना स्पॅनिशमध्ये शुभरात्री म्हटलं. जगभर हे सांगितलं गेलं. मला त्या मुलांचे चेहरे बघवले नाहीत. विमानात बसताना एक आडनाव, उतरताना दुसरं. आणि विमानाच्या शिडीशी फुलं घेऊन उभा असलेला हा माणूस कोण, तेही ठाऊक नाही.

तेव्हा भाच्याला माझं उत्तर हे: हो, मी रडेन. पण ‘तेही शेवटी आई-बापच ना’ म्हणून त्यांना सोडून देणार नाही. उलट, ते आई-बाप आहेत हाच त्यांच्यावरचा सर्वांत मोठा आरोप आहे. ज्या मालिकांत शत्रूचा हेर म्हणजे दात विचकून हसणारा राक्षस असतो, तिथे हा आरोप ठेवताच येत नाही. राक्षसाने पोराला फसवलं तर त्यात नवल काय? फिलिपचा पोरीवर खरोखर जीव आहे, म्हणूनच त्याचं रोजचं खोटं भयंकर आहे. त्याच्याबद्दल काही वाटल्याशिवाय त्याने काय केलं हे मला पुरतं दिसलं नसतं.

अशा मालिका आपल्याकडे व्हायला हव्यात, असं मी ठामपणे म्हणते. आपल्या गावात, आपल्या भाषेत, पलीकडून आलेला माणूस, इथेच संसार थाटलेला, पोराला इथल्या शाळेत घातलेला. त्याने केलेल्या घाताची पूर्ण किंमत दाखवा. ज्याचा त्याने बळी घेतला त्याच्या घरी कॅमेरा न्या आणि तिथे पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबा. आणि त्याच्या पोराच्या डोळ्यांतूनही बघा. याने देशप्रेम पातळ होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी देशप्रेमाला फार नाजूक समजलंय.

आत्याच्या वर्गात एक मुलगी होती. तिचा बाप खबऱ्या असल्याचा बोलबाला झाला आणि त्याला शिक्षा झाली. प्रतिसरकारला लोक ‘पत्री सरकार’ का म्हणायला लागले, यामागे तळपायांवर मारण्याच्या शिक्षेची आठवण सांगतात, तीच ही. त्या बापाने पैशासाठी खबर दिली, की पोलिसांच्या माराला भिऊन, की दिलीच नव्हती, हे आत्याला आजवर कळलेलं नाही. पण त्यानंतर त्या पोरीबरोबर कुणी खेळेना. आत्याही खेळायची नाही. भूमिगताची लेक खबऱ्याच्या लेकीशी कशी बोलणार? ती मुलगी पुढे शाळा सोडून मामाकडे गेली. माझ्या बापाचं नाव गावातल्या फळ्यावर आहे, आत्या म्हणाली, त्या पोरीचं नावसुद्धा मला आता आठवत नाही. हे म्हणताना ती रडली. बापाची गोष्ट सांगताना ती रडत नाही.

भाच्याला मी हे सगळं एका बैठकीत नाही सांगितलं. तुकड्यातुकड्याने, चहाच्या वेळी, गच्चीवर. तो ऐकून घ्यायचा, कधी मान हलवायचा, कधी म्हणायचा, ‘तरीबी, मावशी.’ त्याची चार वर्षांची मुलगी रोज फोनवर विचारते, बाबा तू कुठं आहेस? जागेचं नाव त्याला सांगता येत नाही. तो म्हणतो, इथं लई बर्फ आहे. कुठे, याबद्दल गप्प राहतो, पण खोटं गाव कधी सांगत नाही. बाबा कुठे आहे हे तिला माहीत नाही. बाबा कोण आहे हे पक्कं माहीत आहे. हे मी त्याला बोलून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

सुट्टी संपायच्या आदल्या रात्री तो आमच्याबरोबर शेवटचा भाग बघायला बसला. आत्याही दिवाणावर होती. भाषा कळत नव्हती, पण ती डोळे लावून बघत होती. फिलिप आणि एलिझाबेथ पळ काढतात, हेन्रीला शाळेतच ठेवून. पेज बरोबर असते. सरहद्दीवर गाडी थांबते, तपासणी होते, गाडी सुटते, आणि खिडकीतून आई-बापांना दिसतं की पोरगी खाली फलाटावर उभी आहे. ती उतरली आहे. कुणी काही बोलत नाही.

‘पोरगी उतरली व्हय?’ आत्याने विचारलं. मी हो म्हटलं.

भाचा पुढे वाकून बसला होता. ‘आणि तो बारका? त्याला कोण सांगणार?’

‘सांगतो की. समोरच्या घरातला. एफबीआयवाला.’

पडद्यावर स्टॅन हेन्रीशी बोलत होता. त्यांचं बोलणं ऐकू येत नाही. भाच्याने माझ्या हातातून रिमोट घेतला आणि तेवढा प्रसंग पुन्हा मागे नेला.